'बिकॉज'नं बिघडतं काय?

आमच्या चाकणच्या पट्ट्यात आता जिकडंतिकडं इंग्रजी शाळा झाल्यात. होऊ द्या. माझं भांडण इंग्रजीशी नाही, एका खोट्या नियमाशी आहे. इंग्रजी वाक्य 'अँड', 'बट' किंवा 'बिकॉज'नं सुरू करायचंच नाही, असं पोरांना शिकवतात. केलं की लाल रेघ.

नातवानं लिहिलं होतं, 'बिकॉज इट रेन्ड, अवर अनियन्स गॉट वेट.' त्यावर रेघ. आता यात चुकलं काय? पाऊस आला म्हणून आमचा कांदा भिजला. कारण आधी, परिणाम मागून. मराठी माणूस असाच बोलतो आणि इंग्रजीलाही ते चालतं. चूक कधी होते? 'बिकॉज इट रेन्ड' एवढं लिहूनच पूर्णविराम दिला तर. बैलांच्या मानेवर जू ठेवलं, पण मागं नांगरच नाही, असं ते वाक्य होतं. हे समजावून सांगायला पाच मिनिटं लागतात. बंदी घालायला एकही लागत नाही. म्हणून बंदी.

'अँड'चं तर विचारूच नका. इंग्रजांचं १६११ सालचं बायबल घ्या. पहिल्याच अध्यायात ३१ वचनं आहेत, त्यातली २९ 'अँड'नं सुरू होतात. आपल्याकडं बघा. इथून जवळच आळंदीला ज्ञानोबांची समाधी आहे. त्यांच्या ज्ञानेश्वरीत कितीतरी ओव्या 'परी', 'तरी', 'म्हणौनि' अशाच शब्दांनी सुरू होतात. तिथं कोण रेघ मारणार?

कुणी म्हणेल, बारकी पोरं प्रत्येक वाक्याला 'अँड' लावतात, त्यांना लगाम पाहिजे. पाहिजेच की. पण मीठ जास्त पडलं म्हणून कुणी घरातलं मीठ फेकून देत नाही.

यात नुकसान पोरांचं होतं. ज्यांच्या बापाची जमीन कारखान्यात गेली, ती पोरं आयटीआय करून मुलाखतीला जातात. साहेब इंग्रजीत विचारतो, ही नोकरी का पाहिजे? उत्तर 'बिकॉज'नंच सुरू होणार. पण पोरगं तिथंच अडखळतं. हातात काम असतं, डोक्यात माहिती असते, अन् तोंडातून पहिला शब्द निघत नाही.

मास्तर, बाई, रेघ मारायची तर अर्धवट राहिलेल्या वाक्यावर मारा. पहिल्या शब्दावर नको.