डब्याचा रंग आणि फवारणाऱ्याचे रक्त

शिरड शहापूरच्या शिवारात कापूस-सोयाबीनवर फवारणी सुरू झाली की औषधाच्या डब्यावरचा रंग पाहून धोक्याचा अंदाज बांधला जातो. लाल म्हणजे जहाल, पिवळा त्यापेक्षा बरा, निळ्या-हिरव्याचे फारसे भय नाही. हा हिशेब खोटा नाही, पण अपुरा आहे.

हा रंग प्रामुख्याने एका आकड्यावरून ठरतो. प्रयोगशाळेत उंदरांच्या गटांना चढत्या मात्रेत विष दिले जाते, कोणत्या मात्रेला किती दगावले हे मोजले जाते आणि निम्मे मरतील अशी मात्रा संख्याशास्त्राने काढली जाते. तिला 'एलडी ५०' म्हणतात. १९२७ मध्ये ट्रेव्हन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने ही कल्पना मांडली. पोटात जाणाऱ्या विषाची ही मात्रा वजनाच्या किलोमागे ५० मिलिग्रॅमपर्यंत असेल तर लाल, ५१ ते ५०० असेल तर पिवळा.

पण निम्मे मरण्याच्या आधी काय घडते? समजा, दोन औषधांचा हा आकडा अगदी सारखा आहे. त्याच्या अर्ध्या मात्रेत एकाने शंभरातला एखादाच दगावतो, दुसऱ्याने तीस. डब्यावर रंग मात्र एकच! मात्रा आणि परिणाम यांच्या आलेखाचा चढ किती, हे रंग सांगत नाही.

त्याहून मोठी उणीव म्हणजे हा आकडा एकाच वेळी घेतलेल्या मात्रेचा आहे. फवारणारा मजूर मात्र रोज थोडे थोडे विष कातडीतून आणि श्वासातून घेतो, तेही अनेकदा दोन-तीन औषधांच्या मिश्रणातून. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी ऑर्गनोफॉस्फरस औषधे मज्जातंतूंचे काम चालवणारे कोलिनेस्टरेज हे विकर निकामी करतात. ते भरून यायला काही आठवडे लागू शकतात. तोवर पुन्हा फवारणी झाली की काल पचलेली मात्रा आज झेपत नाही. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने गेले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. डोक्याएवढ्या कपाशीत शिरून फवारणाऱ्याच्या अंगावर किती विष पडते, हे उंदरावरच्या चाचणीत कुठून येणार?

कोलिनेस्टरेजची पातळी साध्या रक्ततपासणीत कळते. हंगामाआधी एकदा आणि मध्यात एकदा रक्त तपासले, तर पातळी घसरलेल्या माणसाला लक्षणे दिसण्याआधीच फवारणीतून बाजूला काढता येते. फवारणीच्या महिन्यांत ही तपासणी गावाजवळच्या आरोग्य केंद्रात मोफत मिळायला हवी. ती जिल्ह्याच्या रुग्णालयातच होणार असेल, तर एक दिवसाची मजुरी बुडवून कोण जाईल?