शेताच्या ओळी गाळू नका

गेल्या महिन्यात आमच्याकडे तपासणीसाठी आलेल्या लिप्यंतरांत तंजावुरी मोडीचा एक कागद होता. त्यात 'कलम १२' असे उतरवून लिप्यंतरकाराने पुढे 'म्हणजे बारावे कलम' असा खुलासा केला आहे. त्या कागदात कलमे नाहीत, भात आहे. तिकडे कलम हे धान्याचे माप, बारा मरक्कालांचे. त्याच ओळीतला 'मा' त्याने 'मार्फत' असा सोडवला. तो वेली या जमिनीच्या मापाचा विसावा हिस्सा, म्हणजे एकराची साधारण तिहाई. एका शेताचे क्षेत्रही गेले आणि उत्पन्नही.

चूक त्या एकाचीच नाही. सप्टेंबर २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध जोरात सुरू झाला आणि मोडी वाचणाऱ्याला काम मिळाले, याचा आम्हांला मनापासून आनंद आहे. पण त्या घाईने नजरेला वाईट वळण लावले. नाव शोधायचे, जात शोधायची, बाकी 'वगैरे'. बिघे, पांड, पीक, पाट सगळे त्या 'वगैरे'त. आमच्या जुन्या सभासदांनीही असे कागद पाठवावेत, याचा राग येतो.

तंजावरात ही गाळागाळ फार महाग पडते. तंजावरजवळच्या ओरतनाडचेच पाहा. १७९९ च्या तहाने मुलखाचा कारभार कंपनीकडे गेला, तरी तंजावरचे राजे दुसरे सरफोजी यांनी १८०२ मध्ये तिथे मुक्तांबाळ छत्र ही धर्मशाळा उभी केली आणि छत्रांच्या खर्चाला जमिनी लावून दिल्या. तेव्हा हा भाग कावेरीच्या जुन्या पाटांच्या बाहेर, तळ्यांवर आणि पावसावर जगणारा. १९३४ मध्ये मेट्टूर धरण पुरे झाले आणि कावेरीवरच्या कल्लणै बंधाऱ्याहून निघालेला नवा कालवा तंजावर शहरातून पुढे ओरतनाड, पट्टुकोट्टैकडे गेला. पुंजैची, म्हणजे कोरडवाहू जमिनीची, नंजै, म्हणजे ओलिताची जमीन झाली. साठच्या दशकात आडुतुरैच्या केंद्राचे एडीटी २७ हे भाताचे वाण कुरुवै हंगामात आले. आज १२ जूनला मेट्टूरचे दरवाजे उघडतात की नाही, याकडे शेतकऱ्याचे डोळे लागलेले असतात. कालव्यानंतरचे सगळे तमिळ-इंग्रजी दप्तरात सापडेल. कालव्यापूर्वी, छत्राच्या काळात, त्या मातीत काय पिकत होते, तळे भरले नाही त्या साली किती सूट मिळाली, हे विचारायला मोडी कागदासारखी दुसरी जागा नाही, आणि तो कागद आपण वाचायचा आहे.

अशाच एका जमिनीच्या तुकड्याचा माग काढत आम्ही राजवाड्यातल्या सरस्वती महाल ग्रंथालयातून निघून तिकडच्या एका महसूल कचेरीत गेलो. अर्जात पहिलाच रकाना सर्व्हे नंबरचा. आमचा कागद सर्व्हेच्या कितीतरी आधीचा; त्यात चतुःसीमा आहे, पाटाचे नाव आहे, नंबर कुठून असणार? नंबर जुन्या नोंदवहीत मिळेल म्हणाले, आणि नोंदवही पाहायला नंबर लागतो. त्यात १९७९ ते १९८७ च्या फेरनोंदणीने पोटहिस्से बदललेले. तीन खेपा झाल्या. समोरच्या कारकुनाच्या तोंडी जमाबंदी, फसली, चिट्टा हेच शब्द, आपल्या दप्तरातले. तरी दोनशे वर्षांपूर्वीच्या शेताला त्याच्या अर्जात शिरायला वाट नाही. महसूल अधिकाऱ्यांनो, अर्जात चतुःसीमेचा एक रकाना वाढवा. त्याला नवा कायदा लागत नाही.

आणि सभासदहो, आपले काम त्या रकान्यासाठी थांबवू नका. माप जसे लिहिले असेल तसेच उतरवा. वेलीचे एकर, कलमाचे किलो मजकुरात करू नका. मरक्काल गावोगाव वेगळा होता, तुमचे रूपांतर उद्या कोणाला उलटे फिरवता येणार नाही. हिशेब हवा तर तळटीपेत द्या. तमिळ अंक आणि अपूर्णांकांच्या खुणा आठवड्याभरात शिकून होतात, त्या शिका. ज्यांच्या घरी तंजावुरी मराठी अजून बोलली जाते त्यांनी नंजै-पुंजैचे, पाटांचे, भाताच्या जुन्या जातींचे शब्द आम्हांला लिहून पाठवावेत. पोस्टकार्डावर चार शब्द आले तरी चालतील. पुढल्या अंकापासून दोन पाने त्यांच्यासाठी राखली आहेत. 'वगैरे' असलेले लिप्यंतर यापुढे छापले जाणार नाही, परत पाठवले जाईल.