पत्त्यातली जात

शाळा सुटल्यावर मुले अभ्यासिकेत, समाजमंदिरात किंवा राष्ट्र सेवा दलाच्या शाखेवर येतात. तिथे परीक्षेची घाई नसते. जातीच्या अन्यायाविषयी मुलांशी मोकळेपणाने बोलण्याची हीच वेळ आहे आणि ती गृहपाठात घालवू नये.

या कामाला महाराष्ट्रात जुनी परंपरा आहे. फुले दांपत्याच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मुलीचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. १९४१ साली स्थापन झालेल्या राष्ट्र सेवा दलाच्या शाखांवर सगळ्या जातींची मुले एकत्र खेळली. त्याच संस्कारात वाढलेल्या बाबा आढावांनी १९७०च्या दशकात ‘एक गाव, एक पाणवठा’ मोहीम उभारली. विहिरीवर कोणाला पाणी भरू देतात आणि कोणाला नाही, हे कार्यकर्ते गावोगावी जाऊन पाहत. महाराष्ट्राबाहेरही असे घडले आहे: अमेरिकेत १९६४च्या उन्हाळ्यात मिसिसिपीमध्ये ‘फ्रीडम स्कूल’ भरल्या, तिथल्या कृष्णवर्णीय मुलांनी स्वतःची वर्तमानपत्रे काढली.

नुसत्या भाषणाने हे साधले नसते. पाहणे, विचारणे, लिहिणे यातूनच साधले.

बुलढाणा तालुक्यातल्या धाडसारख्या गावात अशी सुरुवात पत्त्यापासून करता येईल. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. मुलांनी घरचे वीजबिल, रेशनकार्ड आणावे आणि पत्त्याच्या ओळीत कोणते नाव छापले आहे ते वहीत उतरवावे. जुने नाव आढळले, तर त्या वस्तीतल्या थोरामोठ्यांना विचारावे: तुम्हाला कोणते नाव हवे? मग निवेदन लिहून ग्रामपंचायतीत द्यावे आणि पोच घ्यावी.

मुलांसोबत काम करणाऱ्या ताईदादांनी मात्र एक पथ्य पाळायलाच हवे. कोणत्याही मुलाला सर्वांसमोर स्वतःची जात किंवा अपमान सांगायला लावू नये. सोसलेल्या मुलांनीच दर वेळी बोलायचे आणि बाकीच्यांनी हळहळायचे, हाही अन्यायच. आपल्या घरी कोणासाठी वेगळा कप ठेवला जातो का, हे पाहण्याची जबाबदारी सुस्थितीतल्या घरातल्या मुलांची आहे. त्यावरून घरात वाद झाला, तर कार्यकर्त्याने पालकांना स्वतः जाऊन भेटावे.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत हा विषय यायचा असेल, तर निवेदन डिसेंबरमध्येच द्यायला हवे. पोचेची प्रत अभ्यासिकेच्या फाइलला लावावी आणि पुढे काय झाले, हे मुलांनीच दर महिन्याला ग्रामपंचायतीत जाऊन विचारावे.