एकच संसार, दोन आत्मकथने

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ‘आत्मवृत्त’ १९१५ साली प्रसिद्ध झाले. त्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजेच बाया कर्वे, यांचे ‘माझे पुराण’ १९४४ मध्ये वाचकांसमोर आले. संसार एकच, पण तो दोन हातांनी, दोन वह्यांत लिहिला गेला. रोजकीर्द आणि खातेवही ताडून पाहण्याची ज्यांच्या घरी रीत आहे, त्यांनी ही दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत.

‘आत्मवृत्ता’तील कर्वे कमालीचे संयमी आहेत. परीक्षेसाठी मुरुडहून घाट ओलांडून साताऱ्यापर्यंत केलेली पायपीट आणि वय लहान दिसते म्हणून तेथून मिळालेला नकार, हे प्रसंग ते कोणताही त्रागा न करता सांगतात. १८९१ मध्ये त्यांची पहिली पत्नी राधाबाई निवर्तल्या. पुन्हा विवाह करायचा तर विधवेशीच, या निश्चयाने ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी बालविधवा गोदूबाईंशी पुण्यात विवाह केला. मुरुडच्या समाजाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. त्याची झळ वृद्ध आईलाही लागली. पुढे १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम सुरू झाला आणि १९०० मध्ये तो हिंगण्यास गेला. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवायचे आणि हिंगण्याची वाट चिखल तुडवीत पायी चालायची, हाच कर्व्यांचा नित्यक्रम झाला.

गोदूबाई या पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील पहिल्या विधवा विद्यार्थिनी. विवाहानंतर त्या आनंदीबाई झाल्या. पतीची मिळकत आणि वेळ आश्रमाकडे वळल्यावर मुलाबाळांचा संसार कसा चालतो, हे ‘माझे पुराण’ वाचताना उमगते. याहून बोचणारी गोष्ट वेगळीच आहे. आश्रमात पुनर्विवाहित स्त्री वावरते असे दिसले, तर पालक आपल्या विधवा मुली तेथे पाठवणार नाहीत, अशी भीती होती. त्यामुळे ज्या विवाहातून कर्व्यांच्या कार्याला सुरुवात झाली, त्याच विवाहामुळे आनंदीबाईंना आश्रमापासून अंतर राखावे लागले. तरीही त्या आश्रमासाठी वर्गणी गोळा करीत राहिल्या.

यावरून कर्व्यांना दोष देणे सोपे आहे, पण ते न्याय्य नव्हे. आश्रम टिकला म्हणूनच पुढे १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभे राहिले आणि सर विठ्ठलदास ठाकरसी यांच्या १५ लाख रुपयांच्या देणगीने त्याला बळ मिळाले. ती रक्कम साऱ्यांना ठाऊक आहे. आनंदीबाईंनी दिलेले मात्र कोणत्याही कोनशिलेवर कोरलेले नाही. त्यांनी स्वतः लेखणी हाती घेतली म्हणूनच ते आज कळते.

दानधर्माची परंपरा असलेल्या प्रत्येक घराने येथे क्षणभर थांबावे. पावतीवर घरातील कर्त्याचे नाव असते. त्या दानासाठी ज्यांनी आपल्या गरजा बाजूला सारल्या, त्यांची नोंद कोठे असते? जुन्या पेटीतील आजीची पत्रे रद्दीत जाण्यापूर्वी एकदा वाचावीत. आजी हयात असेल, तर तिच्यापुढे कोरी वही ठेवावी. कुटुंबाचा ताळेबंद तिच्या नोंदींशिवाय जुळत नाही.