रानातल्या वाडीचा धनी कोण?

पुणे जिल्ह्याच्या खेड तालुक्यात आज दोन वेगळी जगे शेजारी शेजारी नांदत आहेत. तालुक्याच्या पूर्वेकडे चाकण आहे. तेथे १९९९ मध्ये बजाजचा आणि २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, आणि त्यांच्या मागोमाग सुट्या भागांचे शेकडो लहानमोठे कारखाने उभे राहिले. पश्चिमेकडे भीमाशंकरचे रान आहे. भीमेचा उगम तेथे आहे, शेकरूचे अभयारण्य तेथे आहे, आणि डोंगराच्या कुशीत महादेव कोळ्यांच्या वाड्या आहेत. दोहोंमधील अंतर शंभर किलोमीटरांच्या आतबाहेरचे. परंतु वाडीतल्या माणसाला चाकणपर्यंत पोहोचावयाचे झाले, तर तो पोहोचतो कंत्राटदाराच्या हजेरीपटावर; आणि मुक्काम ठोकतो सांगवी-भोसरीकडच्या भाड्याच्या खोलीत, आठदहा सोबत्यांसह. वाडी मागास का राहिली, या प्रश्नाचे सरकारी उत्तर ठरलेले आहे: ती दूर आहे, दुर्गम आहे, उद्योगाचा प्रकाश अद्याप तेथवर पोहोचलेला नाही. हे उत्तर तपासून पाहण्याची वेळ आली आहे. कारण ज्या तालुक्यात देशातील एक मोठे वाहन-उद्योगाचे केंद्र उभे आहे, तेथे दूरपणाची सबब टिकत नाही.

आधी वाडीचा जमाखर्च पाहू. खेड, आंबेगाव आणि जुन्नर या तिन्ही तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यात तो सारखाच आहे. पावसाळ्यात खाचरात भात आणि उतारावर नाचणी-वरई, एवढेच पीक. पाऊस अमाप, पण तो उतारावरून वाहून जातो. त्यामुळे उन्हाळ्यात त्याच वाडीतल्या बायकांना पाण्यासाठी डोंगर उतरावा लागतो. भात घरात खाण्यापुरता, आणि तोही वर्षभर पुरत नाही. रोकड पैसा देणारे पीक एकच: हिरडा. कोवळा बाळहिरडा झाडावरून उतरवावयाचा, उन्हात वाळवावयाचा आणि विकावयाचा. औषधांत आणि कातडी कमावण्याच्या धंद्यात त्याला मागणी आहे. काही झाडे मालकीच्या रानातली, काही वनखात्याच्या हद्दीतली. हिरडा विकून झाला आणि भाताची कापणी उरकली की उरते ती मजुरी. नारायणगावच्या मजूर बाजारात पहाटे उभे राहावयाचे आणि बागाईतदार जो भाव बोलेल त्या भावाने टेम्पोत चढावयाचे, हा त्या हिशेबाचा शेवटचा रकाना.

या हिशेबात आळस कोठे दिसत नाही, अज्ञानही दिसत नाही. दिसते ते एवढेच, की उत्पन्नाच्या प्रत्येक साधनावर दुसऱ्या कोणाचा तरी ताबा आहे. हा ताबा निसर्गाने दिलेला नाही. तो कायद्याने दिला. १८६५ आणि १८७८ च्या वन कायद्यांनी ब्रिटिश सरकारने रान आपल्या नावावर करून घेतले आणि १९२७ च्या कायद्याने त्यावर शिक्कामोर्तब केले. स्वराज्य आले, पण तो कायदा तसाच राहिला. १९८५ मध्ये भीमाशंकर अभयारण्य जाहीर झाले, आणि ज्यांच्या देवराया शतकानुशतके राखलेल्या होत्या, त्यांच्यावरच राखणदार नेमला गेला.

पाण्याचा हिशेबही असाच. घोड नदीवरील डिंभे धरणात जुने आंबेगाव बुडाले, आदिवासींची भातखाचरे बुडाली. आणि कुकडी प्रकल्पाच्या कालव्यांनी पाणी गेले ते पुणे, नगर आणि सोलापूर जिल्ह्यांच्या पूर्वेकडील शेतीला. खेड तालुक्यातील भामा आसखेडचे पाणी २०२१ पासून पुणे शहराच्या पूर्व भागाला मिळू लागले. शहराला आणि दुष्काळी शेतीला पाणी मिळू नये, असे कोणीही म्हणणार नाही. प्रश्न इतकाच, की ज्याच्या डोंगरावर हे पाणी पडते, त्याचा त्यातला वाटा कोणत्या वहीत मांडला आहे?

सरकारने आदिवासींसाठी काही केलेच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९७२ मध्ये आदिवासी विकास महामंडळ स्थापन झाले, व्यापाऱ्याच्या तावडीतून सोडविण्यासाठी एकाधिकार खरेदी आली, पावसाळ्यातील उपासमार टाळण्यासाठी खावटी आली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेल्या रोजगार हमीला १९७७ च्या कायद्याने हक्काचे रूप मिळाले. हे सारे मोलाचे होते. परंतु या सर्व योजनांत आदिवासी हा लाभार्थी होता, मालक नव्हता. खरेदी केंद्र वेळेवर उघडले नाही की बाळहिरडा पुन्हा व्यापाऱ्याच्या दारात जाई. कारण ज्याच्या घरात पावसाळ्याचे धान्य नाही, त्याला भाव वाढेपर्यंत थांबण्याची चैन परवडत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने हिरड्याची झाडे मोडून पडली, तेव्हा भरपाईसाठी मोर्चे काढावे लागले आणि वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली. भरपाईच्या निकषांत द्राक्षबागेला जागा होती, हिरड्याला नव्हती.

हे चित्र पालटू शकते, याचा पुरावा याच राज्यात आहे. २००६ च्या वनाधिकार कायद्याने गावाच्या परंपरागत जंगलावर ग्रामसभेचा सामूहिक हक्क मान्य केला. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंडांच्या गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर असा हक्क मिळाला. देशात हा हक्क सर्वप्रथम मिळविणाऱ्या गावांत त्याची गणना होते. तथापि कागद हाती आला म्हणून पैसा हाती आला नाही. कायद्याने बांबूला गौण वनोपज मानले होते, पण वाहतुकीचा परवाना वनखात्याच्याच हातात होता. आणि ज्याच्या हाती परवाना, त्याच्याच हाती बाजार. गावाने तो प्रश्न धसास लावला. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले, आणि मगच बांबू गावाच्या भावाने विकला गेला. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने यातून एक धडा घ्यावा: मालकी म्हणजे केवळ सातबारा नव्हे, माल काढणे, हलविणे आणि विकणे या तिन्ही गोष्टी ज्याला करता येतात, तो मालक.

हा प्रश्न केवळ सह्याद्रीचा किंवा गडचिरोलीचा नाही. इंडोनेशियात डच सरकारने १८७० मध्ये असेच ठरविले, की ज्या जमिनीवर मालकी सिद्ध होत नाही ती सरकारची. स्वातंत्र्यानंतर सुहार्तोंच्या राजवटीत १९६७ च्या वन कायद्याने तीच परंपरा चालविली, आणि बोर्निओ-सुमात्राची जंगले लाकूड कंपन्यांना ठेक्याने दिली गेली. तेथील रानातल्या वस्तीलाही दुर्गम आणि मागास हीच विशेषणे लावली गेली. २०१३ मध्ये तेथील घटना न्यायालयाने निकाल दिला, की परंपरागत समाजाचे जंगल हे सरकारी जंगल नव्हे. पण त्या निकालानुसार पहिल्या नऊ समाजांना त्यांची जंगले मिळावयास २०१६ चा डिसेंबर उजाडला. न्यायालयाचा निकाल असो की संसदेचा कायदा, संघटित रेटा नसेल तर तो कपाटात राहतो, हे जकार्ता आणि मुंबई या दोन्ही ठिकाणी सारखेच खरे आहे.

येथे दोन आक्षेप येतात आणि त्यांना टाळून चालणार नाही. पहिला असा, की वाडीतल्या तरुणाला जंगल नको आहे. त्याला मोटारसायकल हवी आहे, नोकरी हवी आहे. हे खरे आहे, आणि त्यात गैर काही नाही. वाडीला संग्रहालय बनविण्याचा अधिकार शहरातल्या कोणालाही नाही. पण वाडीत पाय रोवण्याजोगे उत्पन्न असेल, तरच चाकणच्या फाटकावर तो तरुण मान ताठ ठेवून मजुरीचा सौदा करू शकेल. ज्याच्या मागे काहीच नाही, तो कंत्राटदार म्हणेल त्या दराने राबतो, आणि त्याच्यामुळे कायम कामगाराचा दरही खाली ओढला जातो. म्हणजे वाडीचा हक्क हा केवळ आदिवासींचा प्रश्न नाही. तो कामगार चळवळीचाही प्रश्न आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. नेहमीच्या फेरीवरचा एस.टी.चा चालक तेथे पोहोचला, तेव्हा गाव जागेवर नव्हते. त्याच्यामुळेच जगाला ही वार्ता कळली. अशा डोंगरावर माणसांनी राहावेच का, असे विचारले जाते. पुनर्वसन जेथे अटळ आहे तेथे ते व्हावे; माळीणचे नवे गाव २०१७ मध्ये वसले. पण डोंगर कसा वापरावा हे त्यावर राहणाऱ्याला विचारून ठरविले, तर तो अधिक सुरक्षित राहतो. मूळ पडकई ही वाडीतल्या माणसांनी एकमेकांच्या शेतावर राबून, हातांनी दगड रचून खाचरे बांधण्याची रीत होती. यंत्र लावून घाईने उतार कापणे ही वेगळी गोष्ट, आणि माळीणनंतर वाद पेटला तो तिच्यावरून. याच आंबेगाव तालुक्यात कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या ‘शाश्वत’ संस्थेने डिंभेच्या विस्थापितांबरोबर पडकई, पाणी ओसरलेल्या गाळपेराची शेती आणि जलाशयातील मासेमारीची सहकारी संस्था उभी केली, आणि २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या इक्वेटर पुरस्काराने त्या कामाची दखल घेतली. ज्यांना धरणाने बुडविले, त्यांनीच धरणाच्या पाण्यावर आपला हक्क सांगितला.

कार्यकर्त्यांनी म्हणून काय करावयाचे? पेसा कायदा केवळ अनुसूचित क्षेत्राला लागू आहे. पुणे जिल्ह्यात आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांतील गावे त्यात येतात. खेडचा पश्चिम भाग त्याच्या बाहेर आहे. तो आत आणण्याची मागणी न्याय्य आहे. पण तोवर थांबण्याचे कारण नाही, कारण वनाधिकार कायद्याला अनुसूचित क्षेत्राची अट नाही आणि अभयारण्यालाही तो लागू आहे. वाडीवाडीत ग्रामसभा भरवावी, वनहक्क समिती करावी, म्हाताऱ्या माणसांकडून रानाच्या हद्दी समजून घेऊन नकाशा काढावा आणि सामूहिक दावा उपविभागीय समितीकडे दाखल करावा. वैयक्तिक दाव्यांच्या मागे धावताना सामूहिक दावा मागे पडतो, ही चूक होऊ देऊ नये. दुसरे काम हिरड्याचे. वाळवण्याचे ओटे, साठवणुकीची गोदामे आणि हंगामात हातउचल देणारी सहकारी संस्था असल्याशिवाय हक्काचा माल हक्काच्या भावाने विकला जाणार नाही. तिसरे काम सांगवी, भोसरी आणि चाकणच्या कामगार वस्त्यांतले: वाडीतून आलेला कंत्राटी मुलगा आपल्या युनियनचा सभासद झाला पाहिजे.

उत्पादनसाधनांची सामाजिक मालकी हा शब्दप्रयोग सभांतून फार वापरला गेला, आणि वापरून गुळगुळीत झाला. भीमाशंकरच्या रानात त्याचा अर्थ अगदी साधा आहे. ज्या हातांनी हिरडा उतरविला, त्यांनीच तो तोलावा, त्यांनीच भाव सांगावा, आणि रान राखण्याची जबाबदारीही त्यांनीच घ्यावी. कायदा झाला, त्याला आता दीड तपाहून अधिक काळ लोटला. उरले आहे ते वाडीपर्यंत चालत जाण्याचे काम.