खाण्याचा सोडा व आपण

आमच्या शाळेच्या रसायनशाळेंतील फडताळांत एक बाटली आहे. तिच्यावर मोठ्या अक्षरांत ‘सोडियम बायकार्बोनेट’ असें लिहिलेलें आहे. विद्यार्थ्यांच्या घरीं स्वयंपाकघराच्या फळीवर एक लहानशी डबी असते. तिच्यावर बहुधा कांहींच लिहिलेलें नसतें. दोहोंतील पदार्थ मात्र एकच. बाटलीला हात लावण्यापूर्वीं जो विद्यार्थी शिक्षकांची परवानगी मागतो, तोच घरीं पोट जड झालें कीं चमचाभर भुकटी पाण्यांत ढवळून पितो व त्याचे वडील त्यास शाबासकी देतात. आमच्या मतें हा क्रम उलटा झाला आहे.

ही भुकटी सौम्य अल्कधर्मी आहे. अम्लाशीं गांठ पडतांच ती कार्बन डायऑक्साइड वायु सोडते. ढोकळ्याच्या पिठांत ताक किंवा लिंबू असतें, म्हणून तो फुगतो. अम्ल नसलें तरी नुसत्या उष्णतेनेंही तिचें विघटन होतें व मागें सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडा, राहतो. बेताबाहेर सोडा घातलेल्या भज्यांस साबणासारखी चव येते ती यामुळेंच. मोठ्या कारखान्यांचा व्यवहार याच गुणावर उभा आहे. बेल्जियममधील अर्नेस्ट सॉल्वे यानें इ. स. १८६१ मध्यें जी रीत शोधली, तींत मिठाचें पाणी, अमोनिया व कार्बन डायऑक्साइड यांच्या संयोगानें प्रथम बायकार्बोनेटच खालीं बसतें, आणि तें तापवून धुण्याचा सोडा काढतात. आपल्या देशांत टाटा केमिकल्स ही कंपनी १९३९ सालीं स्थापन झाली व सौराष्ट्राच्या टोंकाशीं असलेलें मिठापूर हें गांव सोड्यासाठीं प्रसिद्धीस आलें.

रसायनशाळेंत टेबलावर अम्ल सांडलें तर आम्ही त्यावर ही भुकटी टाकतों. फसफस थांबली कीं अम्ल निवालें असें समजावें. परंतु अम्ल अंगावर सांडलें तर आधीं भरपूर पाणी, आणि डोळ्यांत उडालें तर पाण्यावांचून दुसरें कांहींही नाहीं. हें आम्ही दरवर्षीं सांगतों व दरवर्षीं कोणीतरी विसरतो.

आतां वैद्यकाकडे वळूं. या भुकटीनें माणसें वांचविलीं आहेत, हें आम्ही प्रथम मोकळेपणानें सांगतों. इ. स. १९७१ मध्यें बांगला देशाच्या युद्धाच्या वेळीं लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्यें आले. सरहद्दीवरील बनगांव येथें पटकीची साथ भडकली. रुग्णालयांत जमिनीवरही निजण्यास जागा उरली नाहीं, आणि शिरेंतून द्यावयाचें सलाइन संपत आलें. तेव्हां डॉ. दिलीप महालनाबीस यांनीं एक लिटर पाण्यास २२ ग्रॅम ग्लूकोज, ३·५ ग्रॅम मीठ व २·५ ग्रॅम खाण्याचा सोडा या प्रमाणानें मिश्रण करविलें. त्याच्या पिशव्या कलकत्त्यास भरून आणल्या, मिश्रण पिंपांत कालविलें, आणि रोग्यांच्या आयांस व भावांस तें पेल्यापेल्यानें पाजावयास सांगितलें. शेंकडा तीस रोगी जेथें दगावत होते, तेथें या उपचाराखालीं मृत्यूचें प्रमाण शेंकडा चाराच्याही खालीं आलें. सोड्याचें काम यांत कोणतें? पटकीच्या जुलाबांतून शरीरांतील बायकार्बोनेट वाहून जातें व रक्त अम्लतेकडे झुकतें. तो तोटा सोडा भरून काढी. पुढें दमट हवेंत सोडा घातलेल्या पुड्या टिकत नाहींत असें आढळल्यावरून त्याची जागा ट्रायसोडियम सायट्रेटनें घेतली. आजच्या पुडींत सोडा नाहीं. जुलाबाच्या वेळीं घरींच ‘जुनी रीत’ करूं पाहणाऱ्या पालकांनीं पुडी आणावी. ती न मिळाल्यास एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यांत सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ पुरे. सोड्याची डबी त्या दिवशीं फळीवरच राहूं द्यावी.

मूत्रपिंडें थकलेल्या कांहीं रोग्यांस डॉक्टर आजही याच्या गोळ्या देतात, व कांहीं विषबाधांत तो शिरेंतून देतात. पूर्वीं हृदय बंद पडलेल्या प्रत्येकास तो सर्रास टोंचीत. आतां निवडक प्रसंगींच देतात. शास्त्र आपली चूक सुधारतें तें असें. घरगुती समजुती मात्र तितक्या लवकर सुधारत नाहींत, आणि आमची तक्रार तीच आहे.

जेवणानंतर चिमूटभर सोडा घेतल्यानें जळजळ शमते हें खरें आहे. पण हिशेब करा. या पदार्थाच्या ८४ भागांत २३ भाग सोडियम असतें. चहाचा चमचा पांच ग्रॅमचा धरला तर सुमारें १·३७ ग्रॅम सोडियम एका घोटांत पोटांत गेलें. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसास दिवसाकाठीं २ ग्रॅमच्या आंत रहावयास सांगते. रक्तदाबाचा रोगी एकीकडे लोणचें सोडतो व दुसरीकडे रोज सोडा पितो, यास काय म्हणावें? शिवाय त्याच चमच्यापासून, पुरेसें अम्ल मिळाल्यास, सव्वा लिटरहून अधिक वायु निघूं शकतो. पोटांत इतकें अम्ल एकदम क्वचितच असतें. तथापि तुडुंब जेवणावर सोडा पिऊन जठर फाटल्याचीं विरळा उदाहरणें वैद्यकांत नमूद आहेत.

याहून मोठें भय निराळेंच. आमच्या परिचयाचे एक गृहस्थ, ज्यांचे चिरंजीव आमच्याच वर्गांत होते, एके रात्रीं छातींत जळजळतें म्हणून उठले. घाम आला होता. घरांतील वडील मंडळींनीं ‘पित्त आहे’ असें ठरवून सोडा दिला. ढेकर आली, सर्वांस बरें वाटलें, आणि तासाभरानें पुन्हां सोडा दिला. रुग्णालयांत पोंचेपर्यंत चार तास गेले होते. तो हृदयविकाराचा झटका होता. गृहस्थ वांचले, पण जिना चढतांना आज त्यांस दोनदां थांबावें लागतें. सोड्यानें त्यांस इजा केली नाहीं. त्यानें चार तास खाल्ले.

अलीकडे सोड्यानें कर्करोग बरा होतो असाही एक प्रवाद फिरत असतो. रक्ताची अम्लता आपलीं फुप्फुसें व मूत्रपिंडें अगदीं अरुंद मर्यादेंत, म्हणजे पीएच ७·३५ ते ७·४५ यांच्या दरम्यान, राखतात. पेलाभर सोडा पिऊन गांठ विरघळविण्याची आशा जो दाखवितो, तो रोग्याचे उपचाराचे दिवस लुबाडतो. याविषयीं सौम्य शब्द वापरण्याची आम्हांस इच्छा नाहीं.

मातांस एक लहानशी विनंति. हरभरे लवकर शिजावे म्हणून पाण्यांत सोडा टाकल्यानें त्यांतील ब-१ जीवनसत्त्वाचा नाश होतो. रात्रीं भिजत घातले तर तीच गोष्ट फुकट साधते.

येत्या सत्रांत आठवीच्या मुलांस आम्ही एक काम देणार आहों. प्रत्येकानें घरच्या डबीवर नांवाची चिठ्ठी चिकटवावी, आणि धुण्याचा सोडा शेजारच्याच डबींत असेल तर तो तेथून हलवावा. कोणता सोडा कोणता याचा संशय आल्यास चव घेऊं नये. दोन्हींची चिमूट शाळेंत आणावी. वेगवेगळ्या परीक्षानळ्यांत थंड पाण्यांत विरघळवून फिनॉल्फ्थॅलीनचे दोन दोन थेंब टाकले कीं धुण्याचा सोडा गडद गुलाबी होईल. खाण्याचा जवळजवळ रंगहीन राहील, फार तर किंचित् गुलाबी झांक येईल. नंतर तीच दुसरी नळी दिव्यावर चांगली उकळावी व रंगाकडे लक्ष ठेवावें. काय दिसलें आणि कां, तें वहींत लिहून आणावें.