केस 'रिपेअर' होत नसतात, मंडळी!

आयटी पार्कच्या कुठल्याही कॅन्टीनमध्ये दुपारी एक वाजता नजर फिरवून बघा. ॲश ब्राऊन, कॉपर, नुसतीच टोकं निळी, कपाळावर दोन पांढुरक्या बटा... काय वाट्टेल ते दिसतं. यात आता मुलगेही मागे नाहीत. आणि खरं सांगायचं तर बऱ्याच जणांना छान दिसतं! त्यामुळे "काय हे केसांचं करून घेतलंय" छापाचा हा लेख नाही. ते काम करायला आपले काका-मावशी समर्थ आहेत.

माझं भांडण रंगाशी नाही, एका शब्दाशी आहे. 'रिपेअर'. रिपेअर शाम्पू, रिपेअर मास्क, रिपेअर सीरम, आणि सगळ्यात महाग म्हणजे पार्लरमधलं रिपेअर स्पा पॅकेज. ब्लीच केल्यावर केसांचा झाडू झाला की माणूस घाबरतो, आणि घाबरलेल्या माणसाला हा शब्द फार पटकन विकता येतो.

माझं म्हणणं एका वाक्यात: ब्लीचने खराब झालेला केस रिपेअर होत नाही, त्याचा फक्त मेंटेनन्स करता येतो. हा शब्दांचा कीस नाही. यावर तुमचे पैसे आणि पुढची दोन वर्षं अवलंबून आहेत.

मुळात केस हा मेलेला असतो. जिवंत भाग त्वचेच्या आत, मुळाशी. तिथून बाहेर पडलेला धागा म्हणजे केराटिन नावाचं प्रथिन, लोकरीत असतं तेच. बोट कापलं तर जखम भरते, कारण तिथे जिवंत पेशी आहेत. केसाला ती सोय नाही. केसाची तुलना त्वचेशी नाही, आजीच्या पैठणीशी करा. पैठणी जीर्ण झाली तर घडी बदलून, उन्हापासून लांब ठेवून जपता येते, फाटली तर रफू करता येतं. पण कपाटात ठेवल्या ठेवल्या ती आपोआप पुन्हा विणली गेली, असं कधी होत नाही.

आता ब्लीच नक्की करतं काय ते बघू. पार्लरमध्ये दोन गोष्टी कालवतात: परसल्फेटची पावडर आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचं क्रीम, ज्याला 'डेव्हलपर' म्हणतात. (हो, डेव्हलपरच! आमच्या व्यवसायबंधूंसारखाच. एकदा आत शिरला की काय काय मोडून ठेवेल सांगता येत नाही.) बाटलीवर २०, ३०, ४० व्हॉल्यूम असं लिहिलेलं असतं. २० व्हॉल्यूम म्हणजे एक लिटर द्रावणातून वीस लिटर ऑक्सिजन निघू शकतो. टक्क्यांत सांगायचं तर २० म्हणजे ६ टक्के, ३० म्हणजे ९ आणि ४० म्हणजे १२ टक्के पेरॉक्साइड.

केसावर बाहेरून कौलांसारखे एकावर एक खवले असतात. मिश्रण अल्कधर्मी असल्याने केस फुगतो, खवले उघडतात आणि पेरॉक्साइड आत शिरून मेलॅनिन, म्हणजे केसाचा काळा रंग, फोडायला लागतं. इथपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे. पण ऑक्सिडायझर समोर मेलॅनिन आहे की अजून काही हे तपासत बसत नाही. केराटिनच्या साखळ्या एकमेकींना ज्या गंधकाच्या टाक्यांनी जोडलेल्या असतात (डायसल्फाइड बंध), त्यातले बरेच टाके तो त्याच झपाट्यात उसवतो. उसवलेल्या टाक्याचं सिस्टेइक ॲसिड होतं. तिथून परत टाका होत नाही. रोलबॅक नाही, बॅकअप नाही.

दुसरं नुकसान बाहेरच्या बाजूला होतं. निरोगी केसावर १८-एमईए नावाच्या स्निग्ध पदार्थाचा अतिशय पातळ थर असतो. हा वरून चोपडलेल्या तेलासारखा नसतो, केसाला रासायनिकरीत्या चिकटलेला असतो. केस पाणी झटकतो तो याच्यामुळे. ब्लीचमध्ये हा थर निघून जातो. मग केस पाणी पितो, फुगतो, वाळायला तास लावतो, एकमेकांत गुंततो, आणि ओला असताना च्युइंगमसारखा ताणला जाऊन तुटतो. ब्लीच केलेल्यांना हे वर्णन वाचून आपलंच डोकं आठवलं असेल.

आणि इथे आपली एक खास देशी अडचण आहे. बहुतेकांचे केस काळेभोर किंवा त्याच्या जवळपासचे. काळ्यापासून तपकिरी, मग लालसर, केशरी, पिवळा आणि शेवटी केळ्याच्या सालीच्या आतल्या बाजूसारखा फिकट पिवळा, इतका प्रवास झाल्याशिवाय सिल्व्हर किंवा पेस्टल रंग बसतच नाही. यूट्यूबवरच्या गोऱ्या मुलीचे केस मुळातच अर्ध्या वाटेवर असतात. तिच्या एका सिटिंगचा व्हिडिओ बघून आपण आपल्या केसांचं एस्टिमेट काढतो. असं एस्टिमेट ऑफिसात दिलं तर मॅनेजर काय म्हणेल?

मग बाजारातल्या बाटल्या खोट्या का? अजिबात नाही. पण त्या काय करतात ते समजून घ्या.

कंडिशनरमधले मुख्य घटक धन प्रभाराचे असतात. ब्लीच केलेल्या केसावर सिस्टेइक ॲसिडमुळे ऋण प्रभार वाढलेला असतो. त्यामुळे केस जितका खराब तितका कंडिशनर त्याला जास्त चिकटतो! मला ही गोष्ट फार आवडते. साधा, स्वस्त कंडिशनरही म्हणूनच इतका फरक दाखवतो. सिलिकोन वरून गुळगुळीत थर देतं आणि घर्षण कमी करतं; त्याला उगाच व्हिलन ठरवलंय. प्रोटीन ट्रीटमेंटमध्ये प्रथिनाचे बारीक तुकडे भेगांमध्ये बसतात आणि धुता धुता निघून जातात. (डोक्यावर अंडं फोडणाऱ्यांसाठी: अंड्यातली प्रथिनं केसात शिरण्याच्या मानाने फारच मोठी असतात. ऑम्लेट करा.) जांभळा शाम्पू फक्त पिवळेपणा झाकतो, मजबुतीशी त्याचा संबंध नाही. आणि बायोटिनच्या गोळ्या? डोक्यावर आधीच उगवून लांब झालेल्या केसापर्यंत त्या पोचूच शकत नाहीत.

'बॉण्ड बिल्डर' हा प्रकार २०१४ मध्ये ओलाप्लेक्स आल्यापासून गाजतोय. ते मुळात ब्लीचमध्येच मिसळायला आलं होतं, म्हणजे नुकसान होत असतानाच ते कमी करायला. त्या जागी ते वापरणं मला शहाणपणाचं वाटतं. नंतर वापरूनही काहींना केस घट्ट लागतात. पण सिस्टेइक ॲसिड झालेला टाका पूर्ववत होतो असा अर्थ त्यातून काढू नका.

आणि आपलं खोबरेल? मुंबईच्या मॅरिकोच्या संशोधकांनी २००३ मध्ये खोबरेल, सूर्यफूल तेल आणि मिनरल ऑइल यांची तुलना प्रसिद्ध केली. धुण्याआधी लावलेल्या खोबरेलाने केसातून वाहून जाणारं प्रथिन लक्षणीय कमी झालं, ब्लीच केलेल्या केसांतही. बाकीच्या दोघांना ते जमलं नाही. कंपनी स्वतःच खोबरेल विकते हे लक्षात ठेवून वाचा, पण कारण पटण्यासारखं आहे: खोबरेलातलं लॉरिक ॲसिड लहान आणि सरळ साखळीचं असल्याने आत शिरतं आणि धुताना केस कमी फुगतो. म्हणजे आजी बरोबर होती. पण आजी 'जपा' म्हणत होती, 'रिपेअर' नव्हे!

माझ्या मावसबहिणीची गोष्ट सांगते. ब्लीचनंतर केस तुटायला लागले म्हणून एका पार्लरने तिला सहा सिटिंगचं रिपेअर पॅकेज विकलं. प्रत्येक सिटिंगनंतर दोन-तीन धुण्यांपुरती चमक, मग पुन्हा झाडू. सहा संपल्यावर उपाय काय सांगितला? "आता वरून स्ट्रेटनिंग करून घ्या, सेट होतील." आधीच अर्धे टाके उसवलेल्या कापडाचे उरलेले टाकेही उसवायचे! नशिबाने ती तिथून उठली आणि दुसरीकडे जाऊन चार इंच केस कापून आली. सहा सिटिंगपेक्षा त्या एका कात्रीने जास्त काम केलं. पार्लरवाली वाईट होती असं मला वाटत नाही. पण 'रिपेअर' हा शब्द तिने खरा मानला होता आणि गिऱ्हाईकानेही.

मेंटेनन्स म्हटलं की काय करायचं ते फार साधं होतं:

१. टोकं कापा. दुभंगलेलं टोक कायमचं चिकटवणारं काही नाही, आणि तो चिरा वर वर सरकत जातो.

२. धुण्याआधी थोडं खोबरेल, धुतल्यावर दर वेळी कंडिशनर. ओल्या केसांत कंगवा घालायचाच असेल तर कंडिशनर लावलेला असताना, जाड दातांचा, आणि टोकांकडून वर. टॉवेलने घासू नका, टिपा.

३. ओल्या केसावर इस्त्री (स्ट्रेटनर हो!) कधीही नाही. आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात अक्षरशः बुडबुडे तयार होतात. जमलं तर काही महिने गरम उपकरणांना सुट्टी द्या.

४. ऊन टाळा. पुण्यातल्या मुलींच्या स्कार्फवर जगाने कितीही विनोद केले तरी ब्लीच केलेल्या केसांसाठी तो उत्तम आहे.

५. पाणी बघा. टँकर-बोअरवेलचं जड पाणी असेल तर त्यातले क्षार असा सच्छिद्र केस जास्त शोषतो. अधूनमधून ईडीटीए असलेला क्लॅरिफाइंग शाम्पू वापरा. पोहायला जाण्याआधी केस साध्या पाण्याने भिजवून कंडिशनर लावा. पूलमध्ये केस हिरवे होतात ते बहुधा क्लोरीनने नाही, पाण्यातल्या तांब्यामुळे.

६. पडलेला केस नीट बघा. टोकाला पांढरा गड्डा असेल तर तो मुळापासून गळालाय. दिवसाला पन्नास ते शंभर गळणं नॉर्मल. गड्डा नसलेले तुकडे म्हणजे तुटणं, ब्लीचचं काम. मुळापासून भरमसाट गळत असतील किंवा टाळूवर फोड, जळजळ असेल तर पार्लर नाही, त्वचारोगतज्ज्ञ गाठा.

बस्स. यात पॅकेज विकण्यासारखं काही नाही, म्हणूनच बहुतेक ते कुणी सांगत नाही.

"मग ब्लीच करूच नये का?" असं विचाराल. करा की! पण आधी हिशेब पूर्ण मांडा. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो, वर्षाला १२ ते १५. खांद्याखाली तीस सेंटिमीटर ब्लीच केलं तर ते सगळं कापून नवा केस तिथवर यायला दोन ते अडीच वर्षं. हीच खरी डिलिव्हरी डेट! एखादीच बट किंवा नुसती टोकं केली तर नुकसान तेवढ्यापुरतं राहतं, नको वाटलं तर कापता येतं. आखूड केसवाल्या मुलांची तर मजाच आहे, सहा महिन्यांत नवं कोरं डोकं.

माझी मागणी इतकीच आहे की हे सगळं ब्लीचच्या आधी सांगितलं जावं. तुमच्या रंगाला किती सिटिंग लागतील, दोन सिटिंगमध्ये किती गॅप ठेवणार, कुठल्या व्हॉल्यूमचा डेव्हलपर वापरणार, एका बटेवर टेस्ट करून दाखवणार का, आणि बिघडलं तर कुठपर्यंत कापावं लागेल. हे पाच प्रश्न खुर्चीत बसण्याआधी विचारा. जो नीट उत्तरं देईल त्याच्याकडे बिनधास्त बसा. जो म्हणेल, "काळजी करू नका, नंतर रिपेअर करून देऊ", त्याला नमस्कार करून उठा.

आणि ज्यांचे आधीच खराब झालेत त्यांना एक दिलासा. केसाचं मूळ ठीक असेल तर आज उगवणारा केस पूर्ण निरोगी आहे. त्याला तुमच्या ब्लीचबद्दल काहीही माहिती नाही. जुन्या केसावर हजारो रुपयांचे पॅच मारत बसण्यापेक्षा त्याला सांभाळून रिटायर होऊ द्या, आणि नव्याला वाढायला वेळ द्या.

असो. बाकी डोकं तुमचं, केसही तुमचेच!